पडद्याच्या मागून पाहिलेला जादूगार

वन्सं, धूम्रसेनाच्या बायकोला माहीत होतं की नव्हतं, हा आपला वाद अर्धाच राहिला. काल तुमचं तेरावं झालं. जेवणावळी उठल्या, भांडी झाली, आणि तुमच्या ओट्याला टेकून उभी असताना मला एकदम वाटलं, आता तुम्ही मागून म्हणणार, "नीला, तुझं डोकं म्हणजे नुसतं खोकं. बाई होती ती, तिला कळणार नाही होय?" मी वळूनसुद्धा पाहिलं. मागे तुमचा मिक्सर होता, आणि त्यावर तुम्ही शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेले. सोशिक होत्या, म्हणाले. मला हसू आवरेना. सोशिक बाई एका सिनेमावरून भावजयीशी वर्षानुवर्षं भांडत नाही. माझ्या लेकीला मी काल हे सांगायला गेले तर तिला ओ की ठो कळेना. कोण धूम्रसेन, कसली घागर, आत्या आणि तू असले सिनेमे बघायचात? मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच ते नव्याने भीतीदायक वाटायला लागलं.

जादूगारांचे ते तीन सिनेमे दक्षिणेकडून आलेले, हिंदीत बोलते केलेले. ओठ मिटले तरी वाक्य चालूच. डोंगराच्या पोटात जादूगारांचं गाव, त्या गावातला सगळ्यात मोठा धूम्रसेन, आणि त्याची ती पांढऱ्या साडीतली बायको, जिला सिनेमावाल्यांनी नावसुद्धा दिलं नव्हतं. गुहा पुठ्ठ्याची होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण त्या गावाचे नियम मात्र पक्के होते, आणि आपण दोघी त्या नियमांना भुललो. निघून जाणाऱ्या जादूगाराने उजवा हात वर केला तर तो परत येणार. डावा केला तर त्याची वाट पाहू नये. जादूगाराला दुसऱ्याचा चेहरा घेता येतो, पण पाण्यात वाकला की खरा चेहरा दिसतो.

दुसरा भाग आपण तुमच्याच गल्लीत पाहिला, टेंभी नाक्याच्या पलीकडे. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरात्रात गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा बांधायचे आणि आरती आटोपली की सिनेमा लावायचे. मी सासूबाईंना घेऊन डोंबिवलीहून आले होते, पुढे सतरंजीवर जागा धरून बसले. तुम्ही आमच्यासाठी रांधत बसलात आणि उशिरा आलात. पुढे मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला, बायकांच्यात जाऊन बसलात. शेवटी धूम्रसेन तळ्यात उतरतो, गळ्यापर्यंत पाणी येतं, आणि तो एक हात वर करून बुडतो.

घरी आल्यावर तुमचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं देवीच पावली. "बघितलंस? उजवा. येणार तो परत."

"वन्सं, डावा होता."

"माझे डोळे काय गहाण ठेवलेत मी? उजवा."

सासूबाईंनी मला डोळ्याने दटावलं, म्हणून मी गप्प बसले. का दटावलं ते हळूहळू समजलं. मी लग्न होऊन येण्याच्या आधीच भावोजी गेले होते. वारले नव्हते, गेले होते. एका सकाळी डबा घेऊन कारखान्याला निघाले, तुम्ही दारात उभ्या होतात, गल्लीच्या तोंडाशी त्यांनी वळून हात वर केला आणि कोपऱ्याआड झाले. कारखान्यात ते पोचलेच नाहीत. कुणी म्हणालं खाडीकडे जाताना दिसले, कुणी म्हणालं कल्याणला दिसले. कोणता हात वर केला होता हे तुम्हाला आठवत नव्हतं. तुम्ही मला एकदाच हे सांगितलंत, मेथी निवडताना, मान वर न करता. पुढे म्हणालात, "आणि आठवून तरी काय? ते डावखुरे. त्यांचा डावा तोच उजवा."

त्या दिवसापासून मी तुमच्याशी जादूगारावर मोकळेपणाने भांडायला लागले. मला कळलं होतं की त्या एका विषयावर तुमच्याशी दुसऱ्या कुठल्याही वाटेने बोलता येणार नाही.

मग तिसरा भाग आला तेव्हा आम्ही डोंबिवलीला व्हीसीआर भाड्याने आणला. शेजारपाजारची माणसं खाटेवर, खाटेखाली, दारात. तुम्ही वागळे इस्टेटमधली बाटल्यांना लेबलं लावायची नोकरी एक दिवस बुडवून आलात, हे सोशिक म्हणणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आधी दुसरा भाग पुन्हा लावला. तळं आलं, पाणी गळ्यापर्यंत आलं, हात वर झाला. डावा. मी मागे घ्यायला लावलं, पुन्हा डावा. मी जिंकले होते आणि तुमच्याकडे बघायची माझी छाती होईना.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी मागून पाहिलं होतं."

"मग उलटं दिसलं तुम्हाला."

"उलटं कसं? पडदा एक, उजेड एक. तू पुढून बघितलंस, मी मागून. जो जातो तो पाठमोराच जातो ना? मग मागून बघणारीचं खोटं कसं?"

खोटं बोल पण रेटून बोल, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण मला मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा तुमची थोडी भीती वाटली. ज्या माणसाला डोळ्यांसमोरची गोष्ट अशी फिरवता येते, त्याला आणखी काय काय करता येईल, असं मनात आलं.

तिसऱ्या भागात तो परत येतो. चेहरा तोच, आवाज तोच. बायको दारात पाण्याने भरलेली घागर घेऊन उभी. नियमाप्रमाणे तिने त्याला पाण्यात वाकून बघायला लावायचं. ती त्याच्याकडे बघते, घागरीकडे बघते, आणि घागर उंबऱ्यावर उपडी करते. सगळं पाणी वाहून जातं. मग ती त्याला आत घेते आणि सिनेमा संपतो. एवढंच. पुढे भाग नाही, खुलासा नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. तिला एवढी खात्री होती की परीक्षा घ्यायची गरजच वाटली नाही. तुमचं म्हणणं, तो तो नव्हता, आणि हे तिला त्याच्या पहिल्या पावलाला कळलं होतं.

"मग घरात कशाला घेतलं?"

"ते तुला नाही कळायचं. तुझा रोज साडेसातच्या ठोक्याला येतो."

यावरही तेव्हा सगळे हसले.

भावोजींना जाऊन बारा वर्षं झाली तशा सासूबाई मागे लागल्या. बेपत्ता माणसाची क्रिया करून टाकावी, नाहीतर त्याला गती नाही आणि घरालाही नाही. भावोजींच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गुरुजींना विचारून ह्यांनीच सगळं केलं. दर्भाचा पुतळा केला. त्याला भावोजींचा मागे राहिलेला एकुलता सदरा घातला आणि खाडीकाठी अग्नी दिला. तुम्ही अडवलं नाहीत. फक्त म्हणालात, "तुमच्या समाधानासाठी करा. माझं कुंकू मी पुसणार नाही." ह्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं की पुतळा लवकर पेटेना. सुकं गवत, वर तूप, तरी नुसता धूर येत होता. ह्यांना असल्या गोष्टी सांगायची सवय नाही, म्हणून ते माझ्या जास्तच लक्षात राहिलं.

आणि त्याच वर्षी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, दिवेलागणीला, ते आले. सासूबाई आणि मी तुमच्याकडेच होतो. तुम्ही घटाची पूजा मांडत होतात. दारातून आवाज आला, "शके."

या नावाने तुम्हाला फक्त भावोजी हाक मारायचे, असं सासूबाईंनीच नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तुमच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं. दारात एक वाळलेला, काळवंडलेला माणूस उभा होता. तुम्ही त्याच्याकडे पाहत राहिलात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण उदबत्तीची राख तेवढ्यात गळून पडली. मग तुम्ही म्हणालात, "चपला बाहेर काढा."

परत येताना सासूबाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "हा तो नव्हे," म्हणाल्या. "मी पाय बघितले. तो असा उभा राहायचा नाही." पुन्हा थोड्या वेळाने, स्वतःशीच, "आणि तोच असेल, तर आपण जाळलं कुणाला?" शेवटपर्यंत त्या तुमच्या घरची पायरी चढल्या नाहीत.

टिटवाळ्याच्या पुढे वीटभट्टीवर होतो, म्हणाले ते. का गेलो आठवत नाही, म्हणाले. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण होता, तो भट्टीचा असणार. वीटभट्टीवर माणूस भाजतोच. पण मी तो व्रण पाहिला तेव्हा मला खाडीकाठचा तो न पेटणारा सदरा आठवला. त्यांना तुमच्या मोरीतली कोणती फरशी डुगडुगते ते माहीत होतं. पण स्वतःच्या आईचं नाव त्यांना आठवायला वेळ लागला. आणि ते सगळं उजव्या हाताने करायचे. विळीवर नारळ खवणं, खिळा ठोकणं, सगळं उजव्याने.

चाळीत दोन तट पडले. नळावर बायका सिनेमावर भांडाव्यात तशा भांडायच्या. हाच तो, कान बघा. नाही हो, ह्याची उंची कमी. तुम्ही बादली भरून, पदर खोचून, मधून निघून जायचात. कुणी तोंडावर विचारलंच तर म्हणायचात, "माझ्या घरात डाळीला फोडणी कोणती घालू, तेही तुम्हीच सांगा."

मला एक गोष्ट दिसली होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. तुमच्या भिंतीवरचा आरसा गेला होता. त्या जागी चुन्याचा एक उजळ चौकोन राहिला होता. फुटला, म्हणालात. ते बाहेर उंबऱ्यावर बसून नुसत्या बोटांनी चाचपत दाढी करायचे. माझी नजर गेलेली बघून तुम्ही म्हणालात, "पूर्वीही असेच करायचे." पुढे एका दिवाळीला तुमच्या ट्रंकेतून पितळेची भांडी काढताना तो आरसा मला सापडला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, अख्खा. मी तो होता तसा ठेवला आणि समई घेऊन बाहेर आले. तुम्ही समईला चिंच लावत बसलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत, आणि तुम्हाला कळलं आहे हे मला कळलं.

तरी आपला वाद चालूच होता. उलट त्यालाच धार आली. मी आले की चहा ठेवून तुम्ही स्वतःच सुरू करायचात. "काय गं, अजून तुझं तेच का, तिला माहीत नव्हतं?" मी घाबरत उत्तर द्यायचे, कारण ते कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले असायचे. एकदा मी म्हटलं, "वन्सं, माहीत असतं तर ती त्याच्या शेजारी झोपू शकली असती का?" बोलून गेले आणि जीभ चावली. अडकित्त्याचा आवाज थांबला. मग कोपऱ्यातून, वर न बघता, ते म्हणाले, "तिला माहीत होतं."

पुन्हा अडकित्ता चालू. तुम्ही खुदकन हसलात. "बघ, आता दोन मतं झाली. तू एकटी पडलीस."

त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवलं की पुन्हा यायचं नाही. आणि आठ दिवसांनी आलेच. का आले ते आज सांगते, तुम्ही असताना कधी सांगितलं नाही. या घरात सून म्हणून आल्यापासून सगळे मला कामं सांगायचे. मला काय वाटतं हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या. तेही कशावर, तर पुठ्ठ्याच्या गुहेतल्या जादूगारावर. पण विचारायचात, आणि उत्तर ऐकून घेऊन मग ते खोडून काढायचात. मला डोकं आहे हे मला तुमच्याशी भांडून कळलं, वन्सं. माझ्यावर याहून मोठे उपकार कुणी केले नाहीत. भीतीपोटी मी यायची थांबले असते तर माझंच नुकसान होतं.

आणि त्यांचंही खरं तेच सांगायला हवं. तुम्हाला कावीळ झाली तेव्हा तुमच्यासाठी मऊ भात त्यांनी केला, कपडे त्यांनी धुतले. मी कधी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही. तुम्ही अंगाने भरलात, हसायला लागलात, पंचमीला फुगडी घातलीत. ते आल्यावर घरात सुख आलं हे मला दिसत होतं, आणि तरी त्यांच्या हातचा चहा पिताना मी दर वेळी आधी कपात बघायचे.

तुमचं जाणंही तसलंच. दुपारी जेवून आडव्या झालात. चार वाजता शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या, तेव्हा ते तुमच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होते. झोपली आहे, म्हणाले. दिवेलागणीला बाई पुन्हा आल्या, तरी ते वारा घालतच होते. बाईंनी तुमच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळल्या. ते म्हणाले, "माहीत आहे मला. उकडत होतं तिला." हे ऐकल्यापासून ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही. ह्यांचं ठरलंच होतं, तेरावं झालं की त्या माणसाला घराबाहेर काढायचं. अग्नीही त्यांना देऊ दिला नाही.

काल जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत सगळे जमले, गावाहून आलेले चुलते, चाळीतले दोन जाणते. मी आत भांडी पुसत होते. ते मोरीशी उभे होते, हात धुऊन झाले तरी तसेच. दहा वर्षांत पहिल्यांदाच ते आपणहून माझ्याशी बोलले.

"वहिनी, शकूला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय?"

"मी कोण ते. तुम्ही दोघी गेलात आणि मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग जेवायला वाढलं."

वन्सं, मी एक प्रश्न विचारायचा अवकाश होता. दहा वर्षं तो माझ्या ओठांवर होता. ते माझ्याकडे बघत होते आणि मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, एवढं मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मी ताट पुसून फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. जे तुम्हाला सांगून झालं होतं, ते मागे राहून मी कशाला ऐकू?

तेवढ्यात ह्यांनी बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू ताईच्या सगळ्यात जवळची. तुला तिने सांगितलं असणार. हे आमचे भावोजी आहेत की नाहीत? तू म्हणशील तसं करू." चुलत्यांनी पान थुंकून घेतलं आणि कान टवकारले. मोरीशी होते ते आतल्या दारात येऊन उभे राहिले. हो म्हणावं तर ते खरं की खोटं मला माहीत नाही. नाही म्हणावं तर आज सूर्य मावळायच्या आत म्हातारा रस्त्यावर. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि मला दिसत होता फक्त भिंतीवरचा तो चुन्याचा चौकोन.

मी म्हटलं, "वन्संना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हे कोण आहेत ते. माहीत असून त्यांनी घरात घेतलं आणि दहा वर्षं ठेवलं. घर त्यांचं होतं. आता आपण कोण काढणार?"

मग चुलते म्हणाले, "बरं तर," आणि आपली पिशवी शोधायला लागले. ज्याला जो अर्थ हवा होता तो त्याने घेतला. ह्यांनी काय घेतला ते विचारायचा मला धीर झाला नाही. गाडीत बसल्यावर ह्यांनी माझा हात धरून ठेवला, डोंबिवली येईपर्यंत सोडला नाही.

वाद तुम्ही जिंकलात, वन्सं. ते कोण आहेत हे मला अजूनही माहीत नाही, आणि भीती तर काडीभरही कमी झालेली नाही. निघताना ते म्हणाले, "आता कुणी येणार नाही इकडे." मी म्हटलं, मंगळवारी येते, चहाला.